एमपी थ्री, बारीक सेल आणि पारसिकचा बोगदा

परवा टीव्हीखालचा ड्रॉवर उपसला. आवरायला वगैरे नाही हं, रिमोटचे सेल संपले होते आणि घरात कुठेतरी नव्या सेलचं पाकीट आहे अशी माझी ठाम समजूत होती. पाकीट काही मिळालं नाही. मिळालं काय, तर जाड पिनचे दोन चार्जर, एक लग्नपत्रिका (त्या जोडप्याचा मुलगा आता आठवीत आहे), कुठल्यातरी कपाटाची किल्ली आणि सगळ्यात खाली हातरुमालात गुंडाळलेला माझा एमपी थ्री.

आम्ही त्याला एमपी थ्रीच म्हणायचो, प्लेअर बिअर कोणी म्हणत नसे. "तुझा एमपी थ्री दे ना जरा" असं. आजच्या पोरांना सांगितलं तर म्हणतात की एमपी थ्री म्हणजे फाईल ना, ती कशी देणार.

२००६ च्या दिवाळीत बोनस हातात आला आणि मी तो घेतला. तेव्हा मी डोंबिवलीहून फोर्टला जायचे, रोजचे जाऊन येऊन अडीच तास गाडीत. ऑफिसमध्ये एका साहेबांकडे आयपॉड होता. पहिला आयपॉड ऑक्टोबर २००१ मध्ये आला तेव्हाच त्यात ५ जीबी होते आणि हजार गाणी खिशात अशी त्याची जाहिरात होती, साहेबांचा तर त्याच्याही पुढचा, त्याचं ते गोल चाक फिरवताना ते इतके रंगात यायचे की आम्ही फाईल घेऊन समोर उभे आहोत हेही दिसायचं नाही. त्याची किंमत ऐकली आणि मी तो विषय तिथेच सोडला.

मग एका संध्याकाळी सीएसटीला जाता जाता मनीष मार्केटमध्ये शिरले. डबीवर कंपनीचं नावच नव्हतं, नुसतं 'डिजिटल एमपी थ्री प्लेअर' आणि शेजारी एका नाचणाऱ्या मुलीची काळी सावली, म्हणजे आयपॉडचीच जाहिरात उचललीय ते आंधळ्यालाही कळावं. ५१२ एमबी. बाराशे म्हणाला, साडेनऊशेला दिला. मी गॅरंटी विचारली तर म्हणाला, "दीदी, यहाँ चालू करके दिखाता हूँ, वही गॅरंटी."

चालू झाला. लायटरएवढा होता, चंदेरी प्लास्टिकचा, एका टोकाला टोपण आणि टोपण काढलं की यूएसबी. स्क्रीन दोन बोटांची, पण तिच्यामागे सात रंगांचा लाईट, गाणं बदललं की रंग बदलायचा, कधी निळा कधी जांभळा, गणपतीच्या मखराला लावलेल्या तोरणासारखा. एफएम होतं. माईक होता. आणि इक्वलायझर होता, नॅचरल, रॉक, पॉप, क्लासिक, सॉफ्ट, जॅझ आणि डीबीबी. डीबीबी म्हणजे नुसता ढब ढब बेस, त्यावर नाट्यगीत लावलं की तबल्याचा डग्गा थेट पोटात वाजायचा. मी पाच वर्षं नॅचरल सोडून काही लावलं नाही.

५१२ एमबी म्हणजे किती? तेव्हाची गाणी बहुतेक १२८ केबीपीएसची असायची, मिनिटाला साधारण १ एमबी, म्हणजे सव्वाशेच्या आसपास गाणी. आज हसू येतं. पण १९९८ मध्ये कोरियातून जो पहिला असा प्लेअर निघाला, एमपीमॅन नावाचा, त्यात फक्त ३२ एमबी होते, म्हणजे जेमतेम अर्धा तास, डोंबिवलीहून निघालं की ठाण्याच्या थोडं पुढे सगळी गाणी संपली. त्या हिशोबाने मी श्रीमंतच.

गाणी भरायचं काम भावाकडे, कारण कंप्युटर त्याच्याकडे. थोड्या सीडी होत्या, आणि बाबांच्या कॅसेट. कॅसेट प्लेअरच्या हेडफोनच्या भोकातून वायर काढून कंप्युटरच्या मागे लावायची आणि अख्खी कॅसेट वाजवत बसायचं, पाऊण तासाची कॅसेट म्हणजे पाऊण तास, आणि तेवढा वेळ घरात कोणी मिक्सर लावायचा नाही कारण मिक्सर लावला की गाण्यात घुर्र यायचं. बरं त्याने वायर कुठलीतरी एकाच बाजूची आणली होती. त्यामुळे बाबांचे सगळे अभंग माझ्या डाव्या कानातच वाजायचे. उजवा कान गाडीला मोकळा.

आता खरी गंमत सांगते. हा प्लेअर गाणी नावाप्रमाणे लावायचा नाही, ज्या क्रमाने कॉपी केली त्याच क्रमाने वाजवायचा. पेन ड्राइव्हसारखाच कारभार, जी फाईल आधी आत गेली ती आधी. भावाने जसं सुचेल तसं उचलून टाकलेलं. म्हणजे पंढरीचा अभंग, "विठ्ठल विठ्ठल" करत टाळ थांबतात न थांबतात तोच धाडकन एक आयटम साँग, त्याच्यानंतर भैरवी, मग लहान मुलांचं प्राण्यांचं गाणं (भाच्यासाठी टाकलेलं, तेच राहून गेलं), मग परत अभंग. एकदा ऑफिसमध्ये कंप्युटर मोकळा मिळाला तेव्हा मी ठरवून नीट क्रम लावला, सगळे अभंग एकत्र, भावगीतं एकत्र, आणि दुसऱ्या दिवशी गाडीत इतकं चुकल्यासारखं वाटायला लागलं की काय सांगू. आठवड्याने भावाला सांगून जुना क्रम परत टाकून घेतला. अजूनही तो अभंग कुठे देवळात लागला ना, की शेवटच्या टाळाला माझ्या डोक्यात आपोआप ते आयटम साँग सुरू होतं. हात जोडलेले असतात आणि आत भलतंच चालू.

भाषेचा पण घोळ एकदा झाला. पर्समध्ये बटणं दाबली गेली आणि मेनू चिनी भाषेत गेला. सगळी पानंच्या पानं चिनी. डब्यातल्या सगळ्यांनी बघितला, कोणी म्हणे उघडून सेल काढ, कोणी म्हणे टाकून दे. शेवटी घाटकोपरला चढणाऱ्या एका कॉलेजच्या मुलीकडे तसलाच प्लेअर निघाला. मग तिच्या इंग्रजी मेनूत भाषेची ओळ वरून कितवी ते मोजायचं आणि माझ्यात तेवढ्या वेळा खाली जायचं. कुर्ला गेलं, दादर गेलं, भायखळ्याला इंग्रजी परत आलं. डब्यात टाळ्या पडल्या.

सेलबद्दल बोलायलाच हवं. त्याला एक बारीक सेल लागायचा, रिमोटचा असतो तो. साधा सेल घातला तर दीड दिवस, अल्कलाइन घातला तर चार दिवस. पहिल्या महिन्यात माझा सेलवर इतका खर्च झाला की नवरा म्हणाला, त्यापेक्षा भजनी मंडळ लावून घे रोज. मग मला शोध लागला की एमपी थ्रीने मेला म्हणून बाहेर टाकलेला सेल खरं तर मेलेला नसतोच. प्लेअरला करंट जास्त लागतो, घड्याळाला अगदी नावाला. म्हणून मग उतरलेले सेल मी घड्याळात घालायला लागले. भिंतीच्या घड्याळाला लागतो जाड पेन्सिल सेल, हा बारीक आणि लांबीलाही कमी, तर स्प्रिंगच्या बाजूला चॉकलेटच्या चांदीची घडी करून कोंबायची. दोन्ही दीड व्होल्टचेच, चालतं. हॉलचं घड्याळ, स्वयंपाकघरातलं, सासूबाईंच्या खोलीतलं, तिन्ही घड्याळं माझ्या उष्ट्या सेलवर वर्षानुवर्षं चालली. सासूबाई एकदा पाहुण्यांना सांगत होत्या, आमच्या सूनबाईंचं गाणं संपलं की आमची वेळ सुरू होते.

गाडीत इअरफोनचं एक बोंड माझ्या कानात आणि एक शेजारणीच्या, ही पद्धत. आमचा ग्रुप होता लेडीज डब्यात, आठ-दहा जणी, मधल्या दरवाज्याकडच्या बाकांवर. प्रत्येकीची पाळी. पण जुन्या स्टिरिओ गाण्यांत काय असतं की एका बाजूला गायक आणि दुसऱ्या बाजूला नुसता वाद्यवृंद, त्यामुळे एकीला गाणं आणि एकीला नुसतं टुंग टुंग. आणि बाबांच्या कॅसेटचं तर विचारू नका, डावं बोंड माझ्याकडे असेल तर शेजारीण मान हलवत म्हणायची, "छान आहे गं, शांत आहे एकदम." शांतच असणार, तिच्या कानात काही वाजतच नव्हतं!

एफएम ऐकायचं तर दिवा स्टेशनपर्यंत. कारण फास्ट गाडी दिवा सोडलं की पारसिकच्या बोगद्यात शिरायची. १९१६ सालचा बोगदा, १.३ किलोमीटरचा. आत शिरली की रेडिओची खरखर आणि बाहेरचा आवाज इतका की कानातलं गाणंही ऐकू येत नसे. मिनिट-सव्वा मिनिट. आम्हाला त्याची इतकी सवय की बोलता बोलता बोगदा आला की वाक्य अर्धं सोडायचं आणि पलीकडे उजेड आला की तिथूनच पुढे. किंवा न थांबता बोलतच राहायचं, ज्याला ऐकू येईल त्याला येईल.

पुढे २०११ ला मी दुसरा घेतला, चांगला कंपनीचा. ८ जीबी, रंगीत स्क्रीन, आत बसवलेली बॅटरी. पहिल्यांदा वाटलं सुटले सेलमधून. तीन वर्षांत बॅटरी फुगली, मागचं झाकण वर आलं, सर्व्हिस सेंटरवाला म्हणाला की हा पार्ट येत नाही मॅडम, नवीन घ्या. नवीन काय घेणार, तोपर्यंत गाणी फोनवरच आली होती. साडेनऊशेचा बिननावाचा प्लेअर आजही सुरू होतो आणि त्याच्या चौपट किमतीचा कचऱ्यात गेला, तो केवळ त्या बारीक सेलमुळे. वाण्याकडे मिळणाऱ्या सेलवर चालणारी वस्तू मरत नाही, हे माझं मत आहे आणि ते कोणी बदलू शकणार नाही.

तर परवा. सेल काढून ठेवलेला होता म्हणून आतून पाझरला नव्हता. नशीब. पण चालू करून बघायला सेल कुठाय? हॉलच्या घड्याळातला काढला, चांदीच्या घडीसकट निघाला. पावणेपाच वाजता घड्याळ बंद पडलं. (अजून बंदच आहे.)

लागला! जांभळा लाईट, मग हिरवा. पहिला अभंग, डाव्या कानात. बसले ऐकत उभ्या उभ्याच, स्वयंपाकघरात दूध होतं गॅसवर ते विसरले. मग सहज मेनूत फिरताना 'व्हॉइस' म्हणून जो भाग होता त्यात गेले, तिथे मी कधी गेलेच नव्हते. तीन फाईली. पहिल्या दोन म्हणजे भाच्याचं हॅलो हॅलो. तिसरी अडतीस मिनिटांची.

मी काही रेकॉर्ड केलेलं नाही अडतीस मिनिटं. लावून बघितलं तर खसखस, चेन ओढल्याचा आवाज, आणि मग लांबून, बादलीत तोंड घालून कोणी बोलावं तसं, "यात्रीगण कृपया ध्यान दें". डोंबिवली स्टेशन! पर्समध्ये बटण दाबलं गेलं होतं आणि अख्खा प्रवास आत शिरून बसला होता.

तेवढ्यात सेलने मान टाकली. घड्याळाच्या सेलकडून आणि काय अपेक्षा.

दुसऱ्या दिवशी नवीन सेल आणले पण मला ते कंप्युटरवर हवं होतं. फाईल फोनवर घेतली तर उघडेना. भाच्याला बोलावलं, तोच तो हॅलो हॅलो करणारा, आता इंजिनिअरिंगला आहे. म्हणाला, "मावशी, हे एसीटी काय प्रकरण आहे, मी जन्मात पाहिलं नाही." मग शोधाशोध करून सांगितलं की त्या काळातल्या स्वस्त चिनी प्लेअरमध्ये जी चिप असायची ती आवाज या एसीटी प्रकारात साठवायची, फोनवर आवाज दाबून पाठवतात तसा बोलण्यापुरता ठेवायचा आणि बाकी फेकून द्यायचा. म्हणून तर अडतीस मिनिटांची फाईल एका गाण्यापेक्षाही लहान. डबीत त्यासाठी एक छोटी सीडी यायची, ती भावाने चहाच्या कपाखाली ठेवायला वापरली होती. पण एफएफएमपेग नावाचं फुकटचं सॉफ्टवेअर आहे, ते असलं काहीही उघडतं म्हणे. काळ्या खिडकीत त्याने एक ओळ लिहिली आणि दोन सेकंदात झालं. मला वाटलं होतं निदान चहा होईपर्यंत तरी लागेल.

ऐकलं मग सगळं. दोघांनी.

गाडी येते, चढण्याची ती झुंबड, कुणाच्या तरी बांगड्या अगदी माईकजवळ. "कुठे उतरणार?" "ठाणा." "मग मला द्या हं." मग तिघींच्या बाकावरच्या चौथ्या सीटवरून भांडण, "जरा सरका", "कुठे सरकू, दारात?" मग क्लिपा विकणारी, दस का दो, दस का दो, तिचा आवाज जवळ येतो आणि लांब जातो. मग एकदम शांत झाल्यावर टक् टक् टक्, हे काय म्हणून आम्ही दोनदा मागे नेऊन ऐकलं, तर ते मटार. मटार सोलतायत! स्टीलच्या डब्यात पडणारे दाणे. आमच्या कल्याणवाल्या काकू, हिवाळाभर गाडीत मटार सोलायच्या, आम्हाला पण एकेक मूठ वाटायच्या कामाला. काकू मार्च २००८ ला रिटायर झाल्या आणि बोलण्यात हळदीकुंकवाचं वाण येतंय, म्हणजे २००७ ची नाहीतर २००८ ची संक्रांत.

आणि काकू काहीतरी सांगतायत. जावेचं. वाटणीचं काहीतरी होतं बहुतेक, भांड्यांचं, तिने हे ठेवून घेतलं, ते दिलं नाही, आमच्यातल्या दोघी मधून मधून "बाई बाई" म्हणतायत, आणि काकू म्हणतात, "मग मी तिला स्पष्ट सांगितलं, म्हटलं हे बघ..."

आणि बोगदा!

भोंगा, आणि मग तो आवाज. त्या फोनछाप रेकॉर्डिंगमध्ये तो नुसता फाटलेल्या स्पीकरसारखा येतो, पण मी खुर्चीत सरळ होऊन बसले. काकू बोलतायत हे कळतं, त्या कधी थांबायच्याच नाहीत बोगद्याला, पण शब्द एक नाही. सव्वा मिनिट. मग आवाज उघडतो आणि काकू म्हणतात, "...असं म्हटल्यावर गप्प बसली. आजतागायत गप्प आहे." आणि टक् टक् टक्.

भाचा म्हणाला, "पण काय सांगितलं?"

मी म्हटलं ते बोगद्याला माहीत. तर तो म्हणतो कुठला बोगदा? तो रोज डोंबिवली-ठाणे करतो! मग लक्षात आलं, बरोबर आहे. २०२२ च्या सुरुवातीला ठाणे-दिवा पाचवी-सहावी लाईन झाली तेव्हापासून फास्ट लोकलपण मुंब्र्यावरून जातात, बोगदा राहिला लांबच्या गाड्यांना. ह्याचं कॉलेज त्यानंतरचं. (त्याच वर्षी मे महिन्यात आयपॉड पण बंद झाला, साहेबांची आठवण आली.) मी पण नोकरी सोडल्यापासून क्वचित जाते, आणि गेले तरी खिडकीतून खाडी दिसते म्हणून खूशच असते, बोगदा नाही हे कधी जाणवलंच नव्हतं खरं तर.

फाईल ग्रुपवर टाकली. आमचा गाडीतला ग्रुप व्हॉट्सॲपवर आहे अजून, एरवी त्यावर फक्त सुप्रभात आणि श्रद्धांजल्या. अर्ध्या तासात साठ मेसेज. चौथ्या सीटवरून भांडणारी ती मी नव्हेच असं दोघींनी आपणहून जाहीर केलं, कोणी विचारलेलं नसताना. एकीला तिच्या बांगड्या ओळखू आल्या, मोडल्या म्हणे त्या नंतर. आणि सगळ्यांचा एकच प्रश्न, काकू, जावेला काय म्हणालात?

काकू आता पुण्याला मुलाकडे असतात, उशिरा बघतात मोबाईल. रात्री साडेदहाला त्यांचा व्हॉइस मेसेज आला, तोच आवाज, जरा बारीक झालाय. म्हणाल्या, "अगं कुठलं आठवतंय मला आता, ती पण गेली बिचारी तीन वर्षांपूर्वी. पण ते मटार काय भावाने घेतले होते ते ऐक बघू त्यात, मी सांगितलं असणार. इथे ऐंशी रुपये पाव म्हणतोय मेला."

सांगितलंय. एकविसाव्या मिनिटाला. वीस रुपये किलो, आणि तेही त्यांना महाग वाटले होते.